पायऱ्या आणि मात्रा

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. माझी मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी प्रोग्रामिंगची कोडी सोडवायला आमच्या घरी जमत, तेव्हा चहा नेऊन देणं एवढंच माझं काम. मुलगी आधी एका कंपनीच्या परीक्षेत मागे पडली होती, त्यामुळे घरात सगळेच जरा जपून बोलत होतो.

त्या दिवशीचं कोडं असं : जिन्याला ४० पायऱ्या. एका वेळी एक किंवा दोन चढता येतात. तर वर जाण्याच्या रीती किती? मुलीच्या प्रोग्रामचं उत्तर बरोबर यायचं, पण कॉम्प्युटर बराच वेळ घुम्म बसायचा. एकीनं हिशेब केला. खालच्या पायऱ्यांचं उत्तर लक्षात न ठेवल्यामुळे प्रोग्राम तेच ते प्रश्न स्वतःला ३३ कोटी ११ लाखांहून अधिक वेळा विचारत होता. ३३ कोटी ऐकून मला हसू आलं. पण एक किंवा दोन म्हणजे लघु आणि गुरूच की! लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन.

"अब्बा, ही कविता नाहीये," मुलगी म्हणाली.

मी कागद ओढला. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येते? दोन गुरू, एक गुरू आणि दोन लघु, तीन तऱ्हांनी, किंवा चारही लघु. एकूण पाच. पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. विरहांक नावाच्या छंदशास्त्रज्ञानं साधारण सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत ग्रंथात याची रीत दिली आहे : मागच्या दोन संख्यांची बेरीज करा. कारण साधं आहे. ओळीच्या शेवटी लघु असेल तर आधी एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन कमी. गुजरातेत हेमचंद्रानं हेच ११५० च्या सुमारास मांडलं. पिसाच्या लिओनार्दोनं सशांच्या जोड्या मोजल्या त्या १२०२ मध्ये, आणि जगानं त्या संख्यांना नाव दिलं त्याचं, फिबोनाची. असो.

या मंडळींना कोडी एकमेकांकडून मिळत. पिंगळाची सूत्रं इतकी आखूड की दहाव्या शतकात हलायुधानं टीका लिहून ती उलगडली. त्यातलं 'नष्ट' मला फार आवडतं. अक्षरगणवृत्तांच्या सगळ्या ओळी क्रमानं मांडल्या, त्यातली एक पुसली गेली. नुसत्या क्रमांकावरून ती परत कशी मिळवायची? क्रमांक सम असेल तर लघु लिहा आणि निम्मा करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा, मग निम्मा करा. तीन अक्षरांच्या आठ ओळींतली सहावी घ्या. सहा सम, लघु. तीन विषम, गुरू. चाराचे निम्मे दोन, सम, लघु. लघु-गुरू-लघु, म्हणजे आपला ज गण!

"हा तर अल्गोरिदम आहे," एक मैत्रीण म्हणाली. तो शब्दही फिरून आलेला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीनं भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं, बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं आणि लेखकाचं नाव हिशेबाच्या रीतीलाच चिकटलं. हे मी सांगेपर्यंत चहा निवला होता.

मुलगी काही बोलली नाही. तिनं जुना प्रोग्राम पुसला आणि मागच्या दोनच संख्या हाताशी ठेवून नवा लिहिला. बटण दाबताच उत्तर : १६,५५,८०,१४१.

"चाळीस मात्रांची ओळ कुणी लिहितं का, अब्बा?"

मी म्हटलं, "एका दमात म्हणता यायला हवी."

परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. त्यात जिना आलाच नाही.