दौंड जंक्शन, शिरूर स्टँड आणि फुकटचं इंटरनेट

दौंडला गाडी बदलणं हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुण्याहून निघून १८६० मध्ये सोलापूरला पोचले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड हा जोडमार्ग झाला आणि दौंडचं जंक्शन झालं. पुढे १९१४ मध्ये दौंडहून बारामतीकडे आणखी एक वाट फुटली, ती मात्र अडीच फुटी नॅरोगेजची. त्यामुळे पुण्याकडचा डबा बारामतीला जाऊ शकत नव्हता आणि बारामतीचा डबा दौंडच्या पुढे सरकत नव्हता. आलेला माल एका डब्यातून काढायचा, डोक्यावरून फलाट ओलांडायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा, हा दौंडचा रोजचा क्रम झाला. गेज बदलून ब्रॉडगेज होईपर्यंत तो चालू राहिला.

दोन रुळांत किती अंतर ठेवायचं हे ठरवणारे लोक दूर कुठेतरी बसले होते. हमाली दौंडच्या वाट्याला आली.

या हमालीची आठवण काढण्याचं कारण असं, की शंभर वर्षांनी देशातल्या रेल्वे स्थानकांवर इंटरनेट फुकट मिळू लागलं, तेव्हा तसाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सेवा सगळ्यांसाठी खुली, पण तुमच्या हातातलं यंत्र त्या सेवेला चालतं का? या प्रश्नाचं उत्तर दौंड आणि शिरूर या शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत वेगवेगळं मिळालं.

त्याआधी एक काळ असा होता, की यंत्राचा प्रश्नच नव्हता. एसटी स्टँडसमोर पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ बूथ असायचं. दौंडचा कोड ०२११७, शिरूरचा ०२१३८, हे आकडे मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांना तोंडपाठ असत. रात्री दर उतरले की बूथपुढे रांग लागे. फोन बूथवाल्याचा, पैसे आपले. घरी कोणत्या कंपनीचं यंत्र आहे, किंवा आहे तरी का, हे कोणी विचारत नसे. सार्वजनिक सेवा म्हणजे काय, हे त्या काचेच्या खोक्याइतकं स्वच्छ नंतर फार थोड्या गोष्टींनी दाखवलं.

यंत्र बघून मोफत इंटरनेट द्यायची रीत बाहेरच्या देशात सुरू झाली. अमेरिकेत २००८ मध्ये एटी अँड टी कंपनीनं स्टारबक्सच्या कॉफीगृहांत आयफोनवाल्यांना वाय-फाय फुकट केलं. शेजारच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेल्याला पैसे पडत. ब्राउझर प्रत्येक वेळी स्वतःची ओळख सांगतो, ती वाचून हा भेद केला जाई. लोकांच्या ते लगेच ध्यानात आलं. लॅपटॉपच्या ब्राउझरला ‘मी आयफोन आहे’ असं सांगायला लावून अनेकांनी ते कुंपण ओलांडलं. लहरी त्याच आणि खर्चही तोच असताना फक्त यंत्राच्या ओळखीवरून कोणाला आत घ्यायचं ते ठरत होतं.

आपल्याकडे अशी अट आधी वेगळ्या रूपात आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू केलं, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्याच कंपनीचं सिम असलेल्यांना ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकीचं जग पैसे टाकून. पुढे त्याचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं, देशभर वाद पेटला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं मजकूर पाहून वेगळे दर लावायला बंदी घातली. नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये दंड ठरला. ग्राहकाच्या बाजूनं झालेला हा मोठा निर्णय होता, त्याचं श्रेय निवेदनं पाठवणाऱ्या लाखो सामान्य लोकांना जातं. मात्र बंदी मजकुरावरून भेद करण्यावर आली. यंत्रावरून भेद करण्याचं दार उघडंच राहिलं.

त्याच सुमारास रेल्वेचं वाय-फाय आलं. गूगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांनी २२ जानेवारी २०१६ रोजी मुंबई सेंट्रलपासून सुरुवात केली, जून २०१८ मध्ये आसामातलं दिब्रुगड हे चारशेवं स्थानक झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलनं अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं, कारण तोवर मोबाइल डेटाच स्वस्त झाला होता. रेलटेलनं ‘रेलवायर’ नावानं काम पुढे नेलं आणि २०२१ पर्यंत सहा हजारांवर स्थानकं जोडली. हॉल्ट म्हणजे छोटे थांबे तेवढे वगळायचे असं धोरण असल्यानं दौंडसारखं जंक्शन त्यात आलंच. पहिली तीस मिनिटं फुकट, नंतर मार्च २०२१ पासून दहा रुपयांपासूनच्या योजना.

या वाय-फायवर अमुकच यंत्र चालेल अशी पाटी कुठेही नाही. तरीही यंत्रायंत्रात फरक पडतो. तो कसा, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे.

नेटवर्कला जोडलं की अँड्रॉइड फोन गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर विचारणा पाठवतो आणि ‘२०४’ हे कोरं उत्तर येण्याची वाट पाहतो. आयफोन ॲपलच्या पानावर ‘सक्सेस’ हा शब्द शोधतो, तर विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी मजकूर-फाइल वाचतं. अपेक्षित उत्तर आलं नाही, की आपण दाराबाहेर आहोत हे यंत्राला कळतं आणि मोबाइल नंबर विचारणारं पान आपोआप समोर येतं. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्यांमध्ये ही तपासणी वर्षानुवर्षं नव्हती किंवा बंद ठेवलेली असे. अशा लॅपटॉपवर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पान मात्र उघडत नाही. त्यात आजची बहुतेक संकेतस्थळं सुरक्षित जोडणी मागतात, त्यामुळे ब्राउझरला मधेच त्या पानाकडे वळवताही येत नाही. माहितगार माणूस एखादं जुनं, साध्या जोडणीचं संकेतस्थळ मुद्दाम उघडून वाट काढतो. पुण्याची गाडी धरायला फलाटावर धावत आलेल्या विद्यार्थ्याला हे कोण सांगणार? आणि वाट काढली तरी पुढे ओटीपी आहेच. तो भारतीय मोबाइल नंबरवरच येणार.

म्हणजे अट कुणी घातलेली नाही, ती बनावटीत आहे. अशा अटीबद्दल तक्रार करणं सर्वांत अवघड असतं.

शिरूरला मात्र हा प्रश्नही पडला नाही. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांची घोडनदी, पुणे-नगर रस्त्यावर वसलेलं आणि गावात रेल्वेचा रूळच नाही. स्थानक नसल्यानं स्थानकाचं वाय-फायही नाही. शिरूरला फुकटचं इंटरनेट आलं ते रिलायन्स जिओच्या सिममधून, आणि इथे यंत्राची अट उघड होती.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरलं, पण त्याआधी काही आठवडे ‘प्रिव्ह्यू ऑफर’ चालू होती. ती ठरावीक कंपन्यांच्या फोरजी फोनपुरती होती: आधी रिलायन्सचा स्वतःचा लाइफ, मग सॅमसंग, एलजी आणि इतर. फोनमध्ये मायजिओ ॲप उतरवायचं, त्यातून कोड काढायचा, तो दुकानात दाखवायचा आणि सिम घ्यायचं. ॲप न चालणाऱ्या हँडसेटवर कोड निघत नसे. पुढे फुकटची मुदत डिसेंबरअखेर आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. नव्या आयफोनवाल्यांना तर वर्षभर जिओ फुकट देण्यात आलं. ज्याच्याकडे सर्वांत महाग फोन, त्याला सर्वांत जास्त फुकट, असा हा हिशेब होता आणि तो अन्यायाचा होता.

यात शिरूर तालुक्याचा एक धागा आहे. यादीतल्या एलजीचा कारखाना याच तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत. २००५ च्या सुमारास तिथे मोबाइल फोनही बनू लागले होते. अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावाशेजारी कधीकाळी हँडसेट जोडले गेले, आणि आसपासच्या वस्त्यांवर साधा बटणांचा फोन वापरणारा मजूर त्या ऑफरच्या बाहेर होता. एलजीनं एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

बटणांच्या फोनवाल्यांसाठी २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. तो कायओएस या निराळ्या प्रणालीवर चालणारा. त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडलं. गावाचे गट, दूधसंघाचे निरोप, शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवर फिरत असताना वर्षभर हे लोक बाहेर होते. कोरोनाच्या काळात ही अट नुसत्या सोयीची राहिली नाही. आरोग्य सेतू ॲप २ एप्रिल २०२० रोजी अँड्रॉइड आणि आयफोनवर आलं. जिओफोनवाल्यांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. त्याच मे महिन्यात रेल्वेनं विशेष गाड्यांच्या प्रवाशांना हे ॲप सक्तीचं केलं.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेनं पीसीओचीच आठवण ठेवून ‘पीडीओ’ म्हणजे सार्वजनिक डेटा कार्यालय ही कल्पना आणली. चहावाल्यानं, किराणा दुकानदारानं परवान्याशिवाय वाय-फाय द्यावं, असा तिचा उद्देश. कल्पना उत्तम आहे, पण दरवाजा पुन्हा ॲपचाच.

दुसरी वाट नाही असं मात्र नाही, आणि ती शिरूर तालुक्यातच सापडते. पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले आणि शाळा सुटलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवू लागले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं इथे फॅब लॅब नावाची यंत्रकार्यशाळा उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. जगभरच्या फॅब लॅबमधली यंत्रं चालवण्यासाठी एमआयटीत लिहिलेली साधनं बरीच वर्षं लिनक्सवर चालत आणि कुणालाही उघडून बदलता येत. यंत्र जसं असेल तसं चालवायला शिकणं, जमत नसेल तर आपल्या गरजेप्रमाणे बदलणं, हे धडे पाबळच्या माळावर दिले जात होते.

दौंड आणि शिरूर, दोन्हीकडे नगरपरिषदा आहेत. उद्या त्यांनी स्टँडवर, वाचनालयात किंवा बाजारतळावर मोफत वाय-फाय बसवायचं ठरवलं, तर निविदेत एक अट जरूर घालावी: प्रवेशाचं पान कोणत्याही ब्राउझरमध्ये, ॲप न उतरवता उघडलं पाहिजे, त्याचा पत्ता भिंतीवर मराठीत लिहिलेला असला पाहिजे, आणि ज्याच्याकडे ओटीपी घ्यायला फोन नाही त्याला खिडकीवर कागदी कूपन मिळालं पाहिजे. नागरिकांनीही काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला जाण्याआधी एक जिओफोन आणि एक लिनक्सचा लॅपटॉप घेऊन ते तपासून पाहावं.