गोदातटाहून काशीस गेलेलीं पंडितघराणीं

स्थलांतर करणारा मनुष्य स्वदेशाहून सोबत काय नेतो, व तें त्याच्या पुत्रपौत्रांच्या कितपत कामीं येतें, हा प्रश्न वंशावळी व पोथ्या यांच्या आधारें तपासण्याजोगा आहे. त्यासाठीं वाटूरच्या दक्षिणेकडील गोदातट हें उत्तम क्षेत्र होय. वाटूर हें जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्याचें गांव. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें या भागाचा विचार पाथरीपासून तोडून करतां येत नाहीं. पाथरी म्हणजे ग्रंथांतरींचें पार्थपूर. इ. स. १५०३ मध्यें ‘सिद्धांतसुंदर’ रचणारे ज्ञानराज तेथीलच.

गोदेच्या उत्तर तीरावरील गोलग्रामचे दिवाकर दैवज्ञ हे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचे शिष्य. त्यांस कृष्ण, विष्णु, मल्लारि, केशव व विश्वनाथ असे पांच पुत्र होते. हें घराणें पुढें काशीस गेलें. कृष्णाचा पुत्र नृसिंह (जन्म १५८६) चुलते विष्णु व मल्लारि यांजपाशीं शिकला. नृसिंहाचा पुत्र कमलाकर हा आपला वडील बंधु दिवाकर यासच गुरु मानतो. याच कमलाकरानें इ. स. १६५८ मध्यें काशींत ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. चुलत्याकडून पुतण्यास, थोरल्याकडून धाकट्यास, असा हा विद्येचा क्रम आहे. परक्या नगरांत या मुलांस पाठशाळा शोधावी लागली नाहीं. एकत्र कुटुंब हीच त्यांची पाठशाळा होती.

पैठणच्या भट्ट घराण्याचें उदाहरण असेंच आहे. रामेश्वरभट्टांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं पैठण सोडलें. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) वडिलांपाशींच शिकले व काशींतील पंडितांचे अग्रणी झाले. नातू शंकरभट्टांनीं ‘गाधिवंशानुचरित’ लिहून कुलवृत्त जतन केलें. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ पुढें मुंबई उच्च न्यायालयानें हिंदु कायद्याच्या कामीं प्रमाण मानिला. पांचव्या पिढीचे गागाभट्ट १६७४ त शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठीं रायगडीं आले.

यावरून विद्या रक्तांतच असते, असें अनुमान काढण्याचा मोह होतो; पण तें टिकत नाहीं. गोलग्रामच्या दिवाकरांस ज्योतिष लाभलें तें गणेश दैवज्ञांकडून, म्हणजे घराबाहेरून. उलट, विद्या केवळ काशीनेंच दिली असेंही म्हणवत नाहीं. ज्ञानराजांचा ग्रंथ पार्थपुरींच झाला. काशीनें दिलें तें निराळें: श्रोते, आश्रय आणि तुल्यबल प्रतिस्पर्धी. दधिग्रामाहून आलेलें दुसरें ज्योतिषीघराणें तेथेंच नांदत होतें. त्यांतील कृष्ण दैवज्ञांस जहांगीर बादशहाचा आश्रय होता, व मुनीश्वरांनीं १६४६ त ‘सिद्धांतसार्वभौम’ रचला. गोलग्रामकर रंगनाथ व मुनीश्वर यांचे वाद ग्रंथरूपानें झाले. घरानें विद्यार्थी तयार केला. नगरानें त्यास कसास लाविलें.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. या वंशावळी जवळजवळ सर्वस्वीं पुरुषांच्या, व तेही वेदाधिकार असलेल्या वर्णाच्या. त्याच वाटेनें सेवक, कारागीर व शिपाईही उत्तरेस गेले. ज्यांच्या घरीं पोथी नव्हती, व ज्यांस ती वाचण्याचा अधिकारच समाजानें नाकारला होता, त्यांच्या मुलांचें काय झालें, हें ग्रंथ सांगत नाहींत. विद्वान घराण्यांतील कन्यांविषयींही तेंच. हें मौन म्हणजे बुद्धीच्या अभावाचा पुरावा नव्हे. तो संधीच्या अभावाचा पुरावा आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच, कीं वाटूर-परतूर भागांतील पोथी हातीं येतांच प्रथम तिची पुष्पिका उतरून घ्यावी. ग्रंथकर्त्याच्या नांवाइतकेंच लेखनिकाचें नांव, गांव, शक व ती कोणाच्या पठनार्थ लिहिली तो उल्लेख मोलाचा आहे. कोण गेला, कोण मागें राहिला व कोणीं कोणास शिकविलें, हें त्या शेवटच्या पानावरच सांपडण्याचा संभव अधिक. आणि तेंच पान आधीं झिजतें.