पोट शिवण्याआधीचे हातमोजे

शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजे आले ते रुग्णासाठी नव्हेच. १८८९-९०च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटले, म्हणून सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ मोजे करवून घेतले. मोज्यांनी जखमा कमी चिघळतात, हे त्यांच्याच हाताखालच्या जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९मध्ये दाखवले. आतड्याच्या शस्त्रक्रियेत मात्र जंतू बाहेरून यावे लागत नाहीत. आतडे उघडले की मोजाच मळतो आणि त्याच मोज्याने पोटाची कातडी शिवली जाते.

यावर जुना उतारा प्रतिजैविकांचा. जंतू पोचण्याआधी औषध शरीरात हवे, हे जॉन बर्क यांनी १९६१मध्ये गिनीपिगांवर सिद्ध केले; १९७३मध्ये निकोल्स आणि कॉन्डन यांनी आदल्या दिवशी निओमायसिन-एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या देण्याची पद्धत मांडली. पण आतड्याला भोक पडलेला रुग्ण रात्री-अपरात्री येतो. अंबाजोगाईत १९७४पासून चालणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी अशा रुग्णाला ‘आदला दिवस’ मिळतो कुठे? तिथे सुरीआधीचे इंजेक्शन उरते, आणि शिवण्याआधी मोजे व हत्यारे बदलणे उरते. भारतासह सात देशांतल्या १३ हजारांवर रुग्णांच्या ‘चीता’ चाचणीत (२०२२) या बदलाने जखमेचा संसर्ग सुमारे १९ टक्क्यांवरून १६वर आला. त्यात तातडीच्या शस्त्रक्रियाही होत्या.

शंभरात तीनच, असे कुणी म्हणेल. पण बीडच्या ऊसतोड मजुराचे टाके उसवले, तर निम्मा ‘कोयता’, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीतला एक जण, बसून राहतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र फिटायचीच असते. प्रतिजैविके आणखी चार दिवस लांबवावीत, हा दुसरा आक्षेप. मळलेल्या सुईधारकाने शिवलेली चरबी औषधाने धुतली जात नाही, उलट जंतू मात्र औषधाला सरावतात. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण तो मोज्यांच्या दोन-चार जोडांचा नाही. सुईधारक, चिमटा आणि कात्रीचा एक संच निर्जंतुक करून, कापडात गुंडाळून, पोट उघडण्याआधीच बाजूला ठेवावा लागतो. पहाटे तीनला ऑटोक्लेव्ह लावून वाट पाहायला कुणाला सवड नसते.