शंभरावा हिस्सा : अवशेष-मर्यादेची कुळकथा

१९०० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर आणि सॅल्फर्डच्या दवाखान्यांत एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागले. हातापायांना मुंग्या, पाऊल टेकवताना वेदना, काळवंडलेली कातडी. बहुतेक सगळे बिअर पिणारे कामगार, त्यामुळे डॉक्टरांनी आधी दारूच्या व्यसनालाच दोष दिला. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना ते पटेना. नुसती कडक दारू पिणारे या आजारातून सुटलेले दिसत होते. त्यांनी बिअर तपासली, तर तीत आर्सेनिक निघालं. बिअरसाठी वापरलेली साखर गंधकाम्लाने तयार केलेली होती आणि ते गंधकाम्ल आर्सेनिक असलेल्या खनिजापासून काढलेलं होतं. सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली, सत्तरच्या आसपास मेली.

सरकारने लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९०३ च्या अहवालात आयोगाने सांगितलं, की एक पौंड अन्नात एक शतांश ग्रेन आर्सेनिक आढळलं तर ते जास्त समजावं. आजच्या मापात किलोमागे साधारण १.४ मिलिग्रॅम. शेतातल्या फवारणीशी या आयोगाचा काही संबंध नव्हता. पण एका आकड्याच्या अलीकडचा माल विकता येईल आणि पलीकडचा नाही, ही रीत इथून पुढे चालत आली. आज नाशिकचा बागायतदार ज्याला ‘एमआरएल’ म्हणतो, त्या कमाल अवशेष-मर्यादेचा मूळपुरुष म्हणजे हा शतांश ग्रेन.

तो आकडा शेतात नेला सफरचंदाने. अमेरिकेतल्या बागांना फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगाच्या अळीने हैराण केलं होतं. त्यावर लेड आर्सेनेट हे औषध चाललं. १८९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये ते जिप्सी पतंगाविरुद्ध तयार झालेलं. आधीच्या आर्सेनिकच्या औषधांसारखी याने पानं जळत नसत आणि ते फळापानांवर घट्ट चिकटून राही. बागायतदाराला हवा होता तो हाच चिकटपणा, आणि खाणाऱ्याच्या पोटात जे गेलं तेही त्यामुळेच. अळी औषधाला दाद देईनाशी झाली, तसतशा एका हंगामातल्या फवारण्या वाढत गेल्या.

१९२५ च्या सुमारास लंडनमध्ये अमेरिकन सफरचंदांवर आर्सेनिक सापडलं. आरोग्य अधिकाऱ्यांनी केल्व्हिन आयोगाचा आकडा पुढे केला आणि हा माल बंद करण्याची भाषा सुरू झाली. अमेरिकेचं कृषी खातं हादरलं. वॉशिंग्टन राज्यातल्या बागांमधून फळं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुण्याची यंत्रं बसली. यानंतरचा निर्णय मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशी जाणाऱ्या फळाला शतांश ग्रेनची मर्यादा लागू राहिली. घरच्या बाजारासाठी १९२७ साली ०.०२५ ग्रेन ठरवली गेली, म्हणजे अडीचपट सैल. ती टप्प्याटप्प्याने उतरवत १९३२ पर्यंत शतांशावर आणली. अमेरिकन घरांतली मुलं ज्या काळात ही सफरचंदं खात होती, त्या काळात आपल्या फळावर किती आर्सेनिक चालतं हे त्यांच्या आईबापांना कोणी सांगितलंही नव्हतं. लोक घाबरतील आणि बागायतदार बुडेल, ही भीती खात्याला जास्त होती.

पुढे बागायतदारांनी जोर लावला. मिसुरीचे लोकप्रतिनिधी क्लॅरेन्स कॅनन यांनी १९३७ मध्ये अर्थसंकल्पातच अशी अट घातली, की अन्न व औषध प्रशासनाने फवारणीच्या विषारीपणावरच्या प्रयोगांवर पैसा खर्च करू नये. काम दुसऱ्या खात्याकडे गेलं. त्या खात्याने वेनाची या सफरचंदांच्या गावातली माणसं तपासली, ठळक अपाय दिसत नाही असा निष्कर्ष काढला, आणि १९४० मध्ये आर्सेनिकची मर्यादा पुन्हा ०.०२५ ग्रेनवर गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक आलं आणि आर्सेनिक मागे पडलं. १९५४ मध्ये अमेरिकेत मिलर दुरुस्तीने प्रत्येक औषधाची प्रत्येक पिकावरची मर्यादा आधी ठरवून घेणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी लेहमन आणि फिट्झह्यू या दोन शास्त्रज्ञांनी शंभराचा भागाकार मांडला : जनावरांना ज्या मात्रेने काहीही अपाय होत नाही, ती शंभराने भागावी. जनावर आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. फ्रान्सचे रने त्रुओ यांच्या विचारातून ‘रोज आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मात्रा’ ही कल्पना रुजली. १९६३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा कोडेक्स आयोग कामाला लागला, १९६६ मध्ये त्याची कीटकनाशक-अवशेष समिती पहिल्यांदा हेगला भरली.

आज आकडा कसा ठरतो, ते द्राक्षावरच पाहू. एखाद्या औषधाच्या लेबलावर जास्तीत जास्त किती मात्रा, किती फवारण्या आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, हे लिहिलेलं असतं. या शेवटच्या अंतराला आपले शेतकरी पीएचआय म्हणतात. चाचणीच्या बागांमध्ये लेबलाबरहुकूम, पण सगळ्यांत कडक बाजूने फवारतात. मग ठरलेल्या दिवसांनी घड तोडून अवशेष मोजतात. नीट वागणाऱ्या शेतकऱ्याच्या मालात जास्तीत जास्त जेवढा अवशेष राहू शकतो, त्याच्या किंचित वर मर्यादा ठेवतात. त्यानंतर वेगळा हिशेब होतो. ते औषध ज्या ज्या पिकांवर चालतं ती सगळी पिकं माणूस किती खातो, लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने किती खातं, आणि ही बेरीज शंभराने भागलेल्या मात्रेच्या आत राहते का. राहिली तर मर्यादा कायम. नाही राहिली तर त्या पिकावर औषधाला परवानगी नाही.

म्हणून मर्यादा ओलांडलेला घड खाल्ला की माणूस आजारी पडतो, असं नाही. ओलांडलेली मर्यादा सांगते ते इतकंच, की शेतात लेबल बहुधा पाळलं गेलं नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मर्यादा एकेका औषधासाठी असते. एकाच घडावर आठ औषधांचे अवशेष असले आणि प्रत्येक आपापल्या मर्यादेत असलं, तर कागदावर तो घड निर्दोष ठरतो. आठांचा मिळून काय परिणाम होतो, हे या हिशेबात अजून पुरेसं आलेलं नाही, आणि ते यायला हवं.

भारतात हा विषय मृत्यूच्या वाटेने आला. १९५८ मध्ये मुंबईहून कोचीनला जहाजातून गव्हाचं पीठ गेलं, त्याच जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशकही होतं. ते सांडून पिठात मिसळलं आणि केरळात शंभराहून अधिक माणसं मेली. त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. औषधांची नोंदणी, लेबल, विक्री सगळं त्यात आलं. अन्नावरच्या अवशेषांचे आकडे अन्नभेसळीच्या नियमांत होते. २००६ च्या कायद्यानंतर ते अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे गेले.

आकडे कागदावर होते. ते शेताच्या बांधापर्यंत आले २००३ साली, नेदरलँड्समधून. तिथे भारतीय द्राक्षांत मेथोमिलचे अवशेष सापडले आणि युरोपभर इशारा गेला. एका हंगामात नाशिकची निर्यात हवालदिल झाली. मग मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मदतीने अवशेष-देखरेखीचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००६ मध्ये शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था सुरू केली. प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः बागेत येऊन घेतलेला नमुना. नमुना फेल गेला तर त्या प्लॉटपुरता अंतर्गत इशारा निघतो आणि तिथला माल निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये जाऊ शकत नाही. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून इथला प्लॉट शोधता येतो. डावणी आणि भुरी या रोगांच्या काळात रात्रंदिवस फवाऱ्यामागे धावणाऱ्या शेतकऱ्यांनी ही शिस्त अंगवळणी पाडली, याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालेलं नाही.

२०१० मध्ये तरीही घात झाला. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे शेतकऱ्यांचं ‘सीसीसी’, आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपने ते मोजलं. मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर बंदरांवर अडकले. ज्यांनी यादीप्रमाणे सगळं पाळलं होतं तेही बुडाले. त्या चुकीची किंमत यादी करणाऱ्यांनी नाही, शेतकऱ्याने मोजली. युरोपने ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम लावतात : शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. हा आकडा विषाच्या अभ्यासातून आलेला नाही. यंत्र खात्रीने जेवढं मोजू शकतं, त्यावरून तो ठरला आहे.

भारतातही स्वतंत्र मर्यादा नसेल तिथे ०.०१ च धरतात. २०२४ मध्ये मसाल्यांवरच्या काही औषधांसाठी मात्र तो दसपट सैल, ०.१ झाला. पण मला जास्त खुपते ती अंमलबजावणी. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १८ नुसार शेतकरी आणि शेतातला माल कायद्याबाहेर आहे. लहान शेतकऱ्याला निरीक्षकांच्या जाचापासून वाचवणं योग्यच. पण मग तपासणी सुरू होते ती बाजारात. अधिकारी नमुना घेतो, विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस असतात, आणि त्या चौदा दिवसांत ती भाजी, ती द्राक्षं खाऊन झालेली असतात. अहवाल वाईट आला तरी माल कोणत्या बागेतून आला, हे सांगता येत नाही. व्यापाऱ्याकडे दहा गावांचे क्रेट एकत्र आलेले असतात.

रॉटरडॅमला जाणाऱ्या घडाला नोंद आहे, वाशीला जाणाऱ्या घडाला नाही, आणि दोन्ही एकाच तालुक्यातले. अमेरिकेने १९२७ मध्ये जी दोन तऱ्हेची मर्यादा ठेवली ती आकड्यांत दिसत होती. आपली दोन तऱ्हेची वागणूक आकड्यांत दिसत नाही, म्हणून तिच्यावर कोणी बोलत नाही. डाळिंबासाठी अनारनेट झालं, आंब्यासाठी मँगोनेट झालं, सगळं निर्यातीसाठी. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही आणि काढणीआधीचा नमुना हे तिन्ही करणारी माणसं आणि प्रयोगशाळा नाशिक-पुण्यात तयार आहेत. काढणीआधीची तपासणी प्रत्येक शेतकऱ्याला परवडणार नाही, तिचा खर्च सरकारने उचलावा लागेल. पण बाजार समितीत येणाऱ्या क्रेटवर प्लॉटचा क्रमांक लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. ते येत्या छाटणीच्या हंगामापासून सुरू करता येईल.