‘प्रश्न बावळट आहे, पण...’ : १९३४ सालचा एक खटला

सेमिनारमध्ये नवीन मुलं बहुतेक वेळा माफी मागूनच सुरुवात करतात : ‘प्रश्न बावळट वाटेल, पण...’ आणि आपण सीनियर मंडळी पटकन म्हणून जातो, ‘एवढंही वाचलं नाहीस?’ आज या सवयीबद्दल बोलूया, पण मुंबईतल्या एका जुन्या खटल्याच्या निमित्ताने.

र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२५मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी सुटली आणि जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघालं. त्यात वाचक लैंगिक आरोग्याविषयी शंका विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तर देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे, घरात उच्चारताही येणार नाहीत असे विषय त्यात असत.

१९३४मध्ये याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. असले प्रश्न आणि उत्तरं छापायचीच कशाला, हा वादाचा मुद्दा होता. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख साधारण असा : विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, लोक विचारतात, तर उत्तर द्यायलाच हवं, आणि कुणाला त्यात विकृती दिसत असेल, तर तीही ज्ञानानेच जाईल. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३पर्यंत, म्हणजे कर्वे गेले त्या वर्षापर्यंत चाललं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यात दोन गोष्टी आहेत.

पहिली साधनांबद्दल. लोकांना काय माहीत होतं हे ग्रंथांतून कळतं. काय माहीत नव्हतं, हे अशा प्रश्नोत्तरांतून दिसतं. पण सावध राहा. कुठला प्रश्न छापायचा हे संपादक ठरवतो, कधी भाषाही त्याचीच असते. त्यामुळे चार प्रश्न वाचून ‘तेव्हाचा समाज असा होता’ असं लिहून मोकळं होऊ नका.

दुसरी आपल्या वागण्याबद्दल. कर्व्यांची लेखणी काही मऊ नव्हती. रूढींवर ती सपासप चालायची. पण अज्ञान हा विचारणाऱ्याचा गुन्हा नाही, हे त्यांनी धरून ठेवलं. शिवाय उत्तर छापून दिलं, की तीच शंका मनात ठेवून गप्प बसलेल्या बाकीच्यांनाही ते मिळतं. आपल्या सेमिनारमध्येही तसंच असतं : एक जण विचारतो, तेव्हा तेच न कळलेले तिघं-चौघं मान खाली घालून वही बघत असतात. विचारणाऱ्याला आपण हसलो, की ते कायमचे गप्प होतात.

उत्तर द्यायला कर्व्यांना दंड भरावा लागला. आपली फार तर पाच मिनिटं जातात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘प्राथमिक साधन म्हणजे नक्की काय हो?’ असं विचारलं, तर आधी एक उदाहरण देऊन सरळ उत्तर द्या. पुस्तकाचं नाव त्यानंतर सांगा.