एशियासॅट-१
हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीचा भूस्थिर कक्षेतील व्यापारी संदेशवहन उपग्रह. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘वेस्टार-६’ या नावाने तो चॅलेंजर अवकाशयानातून सोडला गेला. पण त्याला वर ढकलणारी रॉकेट मोटर नीट न चालल्याने तो खालच्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी अवकाशयानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. अवकाशतंत्राच्या इतिहासातील ही कामगिरी विलक्षणच म्हटली पाहिजे. डागडुजीनंतर ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च-३ अग्निबाणाने त्याचे पुन्हा उड्डाण झाले. विषुववृत्तावर सु. ३५,८०० किमी. उंचीवरील या उपग्रहावरून १९९१ मध्ये स्टार टीव्ही, १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला. केबलवाल्यांनी गच्चीवरच्या मोठ्या डिशमधून या वाहिन्या भारतातील घराघरांत पोहोचवल्या.