शेंड्याचं बेणं

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. डोळे असलेली टिपरी सरीत दाबली की ऊस उभा राहतो, बियांची वाट कुणी पाहत नाही. काचेच्या टाकीत वाढणाऱ्या लांब दांड्याच्या पाणवनस्पतींचंही तेच. रोटाला, लुडविजिया, हायग्रोफिला, अॅम्ब्युलिया यांना मत्स्यपालक ‘स्टेम प्लांट’ म्हणतात. यांचा चार-पाच इंचांचा शेंडा कापायचा, खालच्या एक-दोन पेरांवरची पानं काढायची आणि लांब चिमट्यानं तो वाळूत तिरका खुपसायचा. आठवडाभरात उघड्या पेरांतून बारीक पांढरी मुळं सुटतात. मागे राहिलेल्या बुंध्याच्या वरच्या पेराला बगलेतून धुमारे फुटतात. एका काडीच्या तीन होतात. ही रीत आज अगदी साधी वाटते, पण तिची पहिली मोठी प्रचीती टाकीत नव्हे, इंग्लंडच्या कालव्यांत आली.

टाकीत वनस्पती आली ती मुळात शोभेसाठी नव्हे, कामासाठी. पाण्यातल्या हिरव्या पानांतून उन्हात प्राणवायूचे बुडबुडे निघतात, हे यान इंगेनहाऊझ यांनी १७७९ सालीच मांडलं होतं. त्याचा उपयोग माशांना जगवण्यासाठी नीट करून दाखवला लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. १८४९ मध्ये त्यांनी एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवली. पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा ती खायला तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, आणि पाणी न बदलता सगळा संसार चालू लागला. पुढच्या वर्षी त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५० च्या दशकात दिवाणखान्यात मत्स्यालय ठेवायची लाटच आली.

व्हॅलिस्नेरिया मात्र दांड्याची वनस्पती नव्हे. ती जमिनीलगत धावते फुटवे सोडून पसरते, तिचा शेंडा कापून लावता येत नाही. दांड्याची वनस्पती इंग्लंडात शिरली ती वेगळ्याच वाटेनं, आणि या कुळकथेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच आहे.

उत्तर अमेरिकेतली एलोडिया (तेव्हाचं नाव अॅनाकॅरिस) १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या सीमेजवळ एका तळ्यात सापडली. १८४७ मध्ये मार्केट हार्बरोजवळच्या कालव्यात दिसली. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात तिचा एक तुकडा लावला होता. तो १८४८ मध्ये कॅम नदीला मिळणाऱ्या ओहोळात गेला, आणि चार-पाच वर्षांत कॅममध्ये वल्ही मारणं मुश्कील झालं. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बॅबिंग्टन यांच्या नावावर लोकांनी हा शाप कायमचा चिकटवला. नवल असं, की ब्रिटनमधली ही झाडं जवळजवळ सगळी मादी होती. बी धरण्याचा प्रश्नच नव्हता. नावेच्या वल्ह्यानं तुटलेला, प्रवाहानं नेलेला, बदकाच्या पायाला अडकलेला प्रत्येक तुकडा जिथे टेकला तिथे रुजत गेला. कालवा मोकळा करायला लोक ती कापत, आणि कापणं म्हणजेच लावणं ठरत होतं. त्याच काळातल्या मत्स्यालयाच्या पुस्तकांनी मात्र तिची मनापासून शिफारस केली: मूळ नको, माती नको, नुसती काडी पाण्यात टाका. शेंडा तोडून टाकीत रोवण्याची घरगुती सवय अशा तणापासून लागली असावी.

तुकडा रुजतो हे सगळ्यांना दिसत होतं, का रुजतो ते कळायला नेदरलँड्समधली एक प्रयोगशाळा लागली. युट्रेक्टला १९२६ मध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबाचं टोक कापून अगारच्या वडीवर ठेवलं. टोकातून झिरपलेलं द्रव्य त्या वडीत उतरलं, आणि बिनटोकाच्या कोंबावर वडी ठेवताच तो पुन्हा वाढला. हेच ऑक्सिन. पुढच्या दशकात कळलं की शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं, आणि कापलेल्या काडीच्या बुडाशी साठलं की मुळं फोडतं. म्हणजे कात्रीच्या एकाच घावानं दोन कामं होतात. वरचा तुकडा रुजतो, खालचा बुंधा जागा होतो.

त्याच देशात, त्याच सुमारास, घरोघरच्या टाक्यांत या ज्ञानाची कला झाली. १९३० मध्ये डच मत्स्यपालकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि टाकीला पाण्यातली बाग मानणारी ‘डच’ शैली तिथे घडत गेली. तिची खूण म्हणजे ‘लायडनची गल्ली’: एकाच जातीच्या काड्यांची तिरकी रांग, पुढे ठेंगणी, मागे उंच होत गेलेली, नजरेला आत ओढणारी. लोबेलिया कार्डिनॅलिस किंवा सॉरुरसची ही रांग आपोआप टिकत नाही. उंच झालेले शेंडे कापायचे, बुंधे उपटायचे, शेंडे उंचीप्रमाणे पुन्हा रोवायचे, हे सतत करावं लागतं. डच टाकी खऱ्या अर्थानं कात्रीची कला आहे.

नंतरची पावलं भराभर पडली. डेन्मार्कच्या होल्गर विंडेलोव यांनी १९७० मध्ये ‘ट्रॉपिका’ ही रोपवाटिका काढली, आणि रॉकवूल भरलेल्या जाळीदार कुंडीत काड्या विकायची पद्धत रूढ झाली. अशी रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. म्हणून घरच्या टाकीत आल्यावर त्यांची जुनी पानं गळतात. घाबरू नये. शेंड्याला पाण्यातली नवी, पातळ पानं आली की तेवढाच शेंडा कापून लावावा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट संथपणे पसरतो, त्यामुळे तो टाकीत सोडणं पुढे महत्त्वाचं ठरलं. जपानचे ताकाशी अमानो यांनी टाकीत सोडावॉटर ओतून पाहिल्याची हकिकत स्वतःच सांगितली आहे. त्यांच्या छायाचित्रांनी १९९० नंतर जगभरच्या टाक्यांचा चेहरा बदलला.

या बाजारातला बराच माल आपल्या पाण्यातला आहे. लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा दक्षिण भारताची, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आपल्या ओढ्याकाठची. टाकीतल्या पोगोस्टेमॉन स्टेलाटसची सख्खी बहीण म्हणजे कासच्या पठारावर पसरणारी जांभळी मंजिरी. आणि शाळेत नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे दाखवतात ती हायड्रिला! १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती टाकीची वनस्पती म्हणून सिलोनहून फ्लॉरिडातल्या टॅम्पा शहरी गेली, नापसंत पडली म्हणून कालव्यात टाकली गेली, आणि तिनं तिथली तळी व्यापली. तिथेही मादीच, तिथेही मुख्यतः तुकड्यांनी. आपली हायग्रोफिला पॉलिस्पर्माही आज अमेरिकेच्या केंद्रीय घातक तणांच्या यादीत आहे.

हीच गोष्ट उलट्या दिशेनंही घडते. दक्षिण अमेरिकेची कॅबोम्बा फरकाटा ही टाकीतली देखणी वनस्पती केरळच्या पाण्यांत शिरली आहे. २०२० मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी इथे तिच्या गुलाबी फुलांनी पाणी झाकून गेलं आणि पाहायला गर्दी लोटली. तुटलेल्या तुकड्यापासून ती पसरते, तेव्हा फुलांसाठी काड्या तोडून घरी नेऊ नका, असं अभ्यासकांनी बजावलं. टाकीतल्या छाटणीलाही तोच नियम लावावा: जास्तीचे शेंडे ओळखीच्या मत्स्यपालकाला द्यावेत, उरलेला पाला कडकडीत उन्हात वाळवून कुंडीत घालावा, ओढ्यात एक काडीही सोडू नये.